पडवीतलं अंथरूण

जमीन हलली ती जेमतेम चार सेकंद. नांदेडला तरोड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून वाजली, बंद पंखा आपल्याआप झुलला, आणि काय होतंय ते डोक्यात शिरायच्या आत अश्वजित झोपेतल्या पोरीला, महामायेला, पोत्यासारखं खांद्यावर टाकून जिना उतरत होता. पायात चप्पल नाही, अंगात नुसता बनियन. रस्त्याच्या मधोमध आल्यावरच त्याचे पाय थांबले. मग बाकीचे उतरले, कुणी लुंगीवर, कुणी तोंडात ब्रश तसाच ठेवून, आणि उतरले ते हसतच. सकाळचे सहा वाजलेले, काही पडलं नाही, कुणी मेलं नाही, त्यामुळं एकानं लगेच मोबाइलवर स्टेटस टाकलं. पहिल्या मजल्यावरच्या रत्नम्मा, देगलूरकडच्या म्हाताऱ्या बाई, त्यांनी महामायेच्या गालाला हात लावून विचारलं, "अम्मा कुठाय गं तुझी?" दहा वर्षांची पोर. तिनं बापाच्या खांद्यावरून हात वर केला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीकडं बोट दाखवलं. "तिथं. अंघोळ करून राहिली." बोट सरळ होतं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. अश्वजितनं त्या बोटाकडं बघितलं, पोरीला खाली ठेवलं आणि तो गटाराच्या कठड्यावर बसला.  तेवढ्यात तनुजा ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून खाली आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वा. बायकोला ठिवून पळाले आमचे साहेब." "पुरुषाची जातच ती," रत्नम्मा म्हणाल्या, "आमचे असते तर त्यांनी कोंबडी घेतली असती काखंत, मला नसती घेतली." लोक पुन्हा हसले. अश्वजितला हसता आलं नाही. तो मनात एवढंच म्हणत होता की पोरीनं खरं दाखवलं. विचारलं तसं खरं दाखवलं. इतकं सोपं असतं ते.

तो बांधकाम खात्यात आरेखक होता. अंगणवाड्या, उपकेंद्रं, कर्मचाऱ्यांची निवासस्थानं. माणसानं कुठं रांधायचं, कुठं धुवायचं आणि कुठं झोपायचं ते तो वीस वर्षं रेघा मारून ठरवत आला होता. झोपण्याची खोली असं लिहिताना त्याचा हात दरवेळी जरा थांबायचा, आणि शेजारी बसणाऱ्याला वाटायचं, हा माणूस बारकाईनं काम करतो. त्या दिवशी ऑफिसात त्यानं कोऱ्या कागदावर पुन्हा तेच काढलं. त्याच्या गावच्या, चिंचसांगवीच्या वीरण्णांचं माळवदाचं घर. तीन हात रुंद दगडामातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर दोन हात मातीचा थर. दारात पडवी. पडवीच्या आत चौक. चौकाच्या पल्याड देवघर आणि देवघराला लागून बाळंतिणीची खोली. त्याची आई पंचफुला त्या घरी कामाला. वीरण्णांची सून मंजुश्री बाळंत झाली तेव्हा महिनाभर रात्रीचंही राहायला म्हणून तिला ठेवली. मंजुश्री उदगीरची, माहेरी आई नव्हती म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरीच झालं. पंचफुलानं तिचं अंग रगडायचं, पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, आणि काम झालं की चौक ओलांडून परत पडवीत यायचं. वस्तीवरची बाई. तिचे हात बाळंतिणीच्या अंगाला चालत होते, तिचं अंथरूण बाळंतिणीच्या खोलीत चालत नव्हतं. ज्या बसवण्णांचं नाव त्या घरात उठताबसता घेत होते, त्यांनी हे असलं काही सांगितलं नव्हतं, उलटंच सांगितलं होतं. पण गंगम्मा, मंजुश्रीची सासू, ती बसवण्णांच्याही वर होती. आणि मंजुश्री एकोणीस वर्षांची, अंधाराला भिणारी. दिवा गेला की चौकातून बारीक हाक यायची, "पंचफुलाबाई, या की आत." अश्वजित तेव्हा दहा वर्षांचा, आईच्या कुशीत पडवीत झोपायचा. आई उठायची. वाकळीत ज्वारीचं रिकामं पोतं गुंडाळून माणूस झोपल्यासारखं करायची आणि त्याच्या कानाला तोंड लावून म्हणायची, "कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या बाला बी न्हाई. गंगम्मा उठायच्या आत मी भायेर यीन. तू बोललास तर त्या लेकराच्या आईचे हाल व्हतील, कळलं का आश्या?" त्याला कळलं होतं. दहा रात्री त्याला ते कळलेलं होतं. एकदा तो तिच्यामागं चौकापर्यंत गेला तेव्हा खोलीच्या उघड्या दारातून त्यानं बघितलं, आई पोरीच्या हातातले चांदीचे वाळे काढून आपल्या कमरेच्या चंचीत ठेवत होती. पोरगी झोपेत हात फिरवून स्वतःचं तोंड ओरबाडायची. सकाळी न्हाऊ घातलं की वाळे पुन्हा हातात.

कागद त्यानं चुरगाळला. मग उलगडून घडी घालून खिशात ठेवला. बत्तीस वर्षं त्यानं असले कागद एकतर फाडले होते नाहीतर जाळले होते, आणि नोकरी लागल्यापासून दर तीस सप्टेंबरला मुद्दाम कामावर गेला होता. सगळं ऑफिस त्याला म्हणायचं, अहो तुम्ही तिकडचे ना, स्मारकाला जात नाही? तो म्हणायचा, रजा शिल्लक नाही. लोक मान हलवायचे, बिचारा, आठवण सहन होत नाही. आठवण सहन होत होती. आठवणीला काय, ती पाळलेल्या कुत्र्यासारखी दाराशी पडून राहायची. सहन होत नव्हती ती एक गोष्ट, जी जगात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती असं तो धरून चालला होता.

विसर्जनाच्या रात्री तो पडवीत नव्हता. गणपतीच्या ट्रॅक्टरमागं पोरांच्या टोळक्यात हुंदडून, दमून, वस्तीवर बापाजवळ येऊन झोपला होता. पहाटे चारच्या सुमाराला जे व्हायचं ते झालं. वस्तीवरची घरं कुडाची, वर गवत नाहीतर पत्रा. गवताचं छप्पर अंगावर पडलं तर माणूस शिंकतो, मरत नाही. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दगडाचं घर बांधू दिलं नाही ते त्या दिवशी धूळ झटकत उभे राहिले, आणि गावात ज्यांनी तीन तीन हात भिंती घातल्या होत्या ते त्याच भिंतींखाली गेले. सरकार आलं, फौज आली ती नंतर. आधी वस्तीवरचेच टिकाव-फावडी घेऊन पळाले. त्याचा बाप ज्ञानोबा सगळ्यांच्या पुढं. वीरण्णांचं घर म्हणजे मातीचा ढीग झाला होता, त्यात कुठं काय होतं ते ओळखू येत नव्हतं, आणि माणसं पाच. बापानं पोराच्या दंडाला धरून विचारलं, "आई कुठं झोपती तुझी? बोल बिगीनं." पोरानं हात वर केला. दार होतं त्या बाजूला, पडवीकडं. तो खोटं बोलला नव्हता. त्यानं शब्द पाळला होता. दहा वर्षांच्या पोराला वाटतं, घर पडलं तरी गंगम्मा उठायची बाकी आहे, आणि आई आपली आपण बाहेर येईल, रोज येते तशी. हात थोडे होते, पडवी जवळ होती आणि खोली ढिगाऱ्याच्या पल्याड, म्हणून माणसं आधी पडवी उकरू लागली. दुपार झाली, पाऊस आला, माती चिखल झाली, माणसं उकरतच होती. दुसऱ्या दिवशी त्याला सांगावंसं वाटलं. तो ढिगाऱ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याच वेळी खालून वाकळ निघाली. वाकळीत पोतं. सगळ्यांनी बघितलं. पोतं गुंडाळून माणसासारखं केलेलं अंथरूण. कुणीतरी म्हणालं, "बाई गेली कुठं मग?" स्वयंपाकघराच्या बाजूनं गंगम्माला जितं काढलं होतं, मोडक्या पायानं ती बाजेवर पडली होती. ती नुसती त्या पोत्याकडं बघत राहिली. पोराचं तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशी फौजेच्या लोकांनी बाळंतिणीची खोली मोकळी केली. दोघी एका अंगाला, पोरगी दोघींच्या मध्ये. अंगाला अजून ऊब आहे असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, उन्हाची ऊब आहे, काल रात्रीच गेल्या असतील. काल रात्री. आणि पंचफुलाच्या चंचीत पोरीचे वाळे. तेव्हा गंगम्मा बाजेवरून बोलली, आणि एकच शब्द बोलली. तो शब्द नव्या गावठाणात राहायला आला. भूकंपानं सगळं गाव पाडलं, पण तो शब्द जसाच्या तसा उचलून चौदा किलोमीटरवरच्या नव्या प्लॉटांत नेला लोकांनी. शाळेत पोरं त्याला वाळे म्हणायची. अश्वजित नाही, वाळे. मग बापानं त्याला नांदेडच्या वसतिगृहात घातला, आणि तो पुन्हा परतला नाही. आईनं पोतं गुंडाळून चोरी केली, असं गाव म्हणत होतं, आणि पुरावा काय, तर तिच्याच पोरानं सांगितलं होतं की ती पडवीत झोपते.

एकोणतीस सप्टेंबरला दुपारी त्यानं नांदेडहून लातूरची एसटी धरली. तनुजाला सांगितलं, बापाकडं जातो. ती म्हणाली, "बरं केलं. पोरीला न्या की." तो म्हणाला, पुढच्या वर्षी. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली, त्यानं दोन कप चहा पिला आणि परतीची गाडी लागलेली होती तिच्याकडं बघत राहिला. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा अंग आपोआप लातूरच्याच गाडीत चढलं. चिंचसांगवीत बाप पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता. सरकारनं दिलेलं सिमेंटचं घर मागं उभं, त्यात सरपण आणि शेळ्या. शहात्तर वर्षांचा ज्ञानोबा अजून सिमेंटखाली झोपत नव्हता. पोराला बघून त्यानं आश्चर्य दाखवलं नाही. "आलास व्हय," एवढंच म्हणाला, आणि भाकरी दोनाच्या चार केल्या.

सकाळी दोघं टमटमनं जुन्या गावाच्या माळावर गेले. काळ्या दगडाचा उंच कट्टा, त्यावर नावं. मंडप, माईक, हार घेतलेले साहेब, पोलिसांची तुकडी. हवेत तीन फैरी झाल्या. दरसाल होतात, तरी म्हाताऱ्या बायका दरसाल दचकतात. ज्यांच्या अंगावर आभाळाएवढा आवाज कोसळला त्यांच्या दुःखाला बंदुकीच्या आवाजानं सलाम करायची अक्कल कुणाची, देव जाणे. भाषणं झाली. गाड्या धूळ उडवत गेल्या. मग दगडाजवळ आपापली माणसं उरली. नावं घराघरानं कोरलेली होती. वीरण्णांच्या घराखाली वीरण्णा, मंजुश्री, आणि तिच्यापुढं 'बाळ, मुलगी', कारण बारसं व्हायचं राहिलं होतं. पंचफुला त्या रांगेत नव्हती. ती खाली वस्तीच्या यादीत होती, एकटीच, कारण वस्तीवर दुसरं कुणी मेलंच नव्हतं. मेली त्यांच्या घरात, नाव मात्र आपल्या जागेवर. दगडानंसुद्धा तिला पडवीतच ठेवली होती. ज्ञानोबानं खिशातून मेणबत्ती काढली, वाऱ्याला पाठ करून लावली, हात जोडले आणि ओठ हलवले. दरसाल असंच करत असणार. अश्वजितनं विचारलं, "काय म्हणता बा तिला?"

"काय म्हणायचं," बाप म्हणाला. "म्हणतो, पंचे, केलंस ते केलंस. गरिबी हुती. मी माफ केलंय तुला."

अश्वजितला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. बत्तीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की बाप गप्प आहे तो खात्रीनं गप्प आहे, नवरा आहे, त्याला माहीत असणार आपली बायको काय आहे ते. जग एकीकडं आणि बा एकीकडं. त्या एका भरवशावर तो नांदेडात जगला होता. आता पायाखाली काही हललं नाही, ताटं वाजली नाहीत, मेणबत्तीची ज्योतही स्थिर होती, आणि तरी त्याला कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. खिशातला कागद काढून त्यानं दगडावर पसरला आणि बोट ठेवून ठेवून सांगितलं. ही पडवी. हा चौक. ही खोली. ती इथं झोपायची. दहाच्या दहा रात्री. मला ठाऊक होतं. मला बोलू नको म्हणाली होती.

बाप कागदाकडं बघत राहिला. "आन ते पोतं?"

"गंगम्माला झोपलेली दिसावी म्हून."

"आन वाळे?"

"रोज काढायची. पोरगी तोंड ओरबाडायची झोपंत. सकाळी परत घालायची."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

ज्ञानोबा मटकन खाली बसला. म्हातारपणाचं बसणं नव्हतं ते. मेणबत्ती विझली, ती त्यानं पुन्हा लावली नाही. "दोन दिस मी पडवी उकरली," तो म्हणाला. अश्वजित वाट बघत होता की बाप आता हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. पण बापाचा राग कुठं जावं ते न कळून त्याच्या स्वतःच्याच अंगात फिरत होता. "बत्तीस साल हितं येऊन मी तिला माफी देऊन राहिलो," तो म्हणाला. "कशाची दिली रे? ती वरून ऐकत असंल तर काय म्हणत असंल मला?"

संगमेश्वर तेवढ्यात आला. मंजुश्रीचा नवरा, आता अठ्ठावन्नचा, कपाळाला विभूती, हातात बेलाची पानं. विसर्जनाच्या रात्री तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच झोपून गेला होता म्हणून वाचला. त्यानं आपल्या माणसांच्या नावांवर पानं ठेवली आणि सवयीनं म्हणाला, "ज्ञानोबा, चहा घ्या तिकडं, मंडपात आहे." लहानपणी तो ज्ञानोबाला अरेतुरे करायचा. भूकंपानं त्याची भाषा तेवढी सुधारली होती.

"अण्णा," ज्ञानोबा बसल्या जागेवरून म्हणाला, "पोरगं काय म्हणतंय ते ऐका."

अश्वजितनं पुन्हा सांगितलं. या वेळी कागदाची गरज पडली नाही. मंजुश्री हाक मारायची ते सांगितलं, पोतं सांगितलं, वाळे सांगितले. सांगताना तो संगमेश्वरच्या तोंडाकडं बघत होता, आणि आरेखकाच्या नजरेला एक गोष्ट दिसली. त्या तोंडावरची एकही रेघ हलली नाही. ज्याला नवं कळतं त्याचं तोंड असं नसतं.

"आता कशाला, अश्वजित," संगमेश्वर म्हणाला.

माळावर वारा होता. मंडपवाला बांबू काढत होता, त्याचा आवाज येत होता. अश्वजितच्या डोक्यातला नकाशा जागच्या जागी होता, फक्त त्यात एक माणूस वाढला होता. ट्रॉलीतला. सव्वीस वर्षांचा, बायको असलेला, मिशी फुटलेला. "तुमाला ठाऊक हुतं," तो म्हणाला. विचारलं नाही.

संगमेश्वरनं बेलाची उरलेली पानं या हातातून त्या हातात केली. "मीच बोललो होतो मंजूला. भ्या वाटतं तर घे बोलावून आत, आईला कळू देऊ नको. आई बोलली तवा मी तिथंच उभा होतो. बोललो असतो तर... आईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता, ज्ञानोबा. तिनं सगळं घर गमावलं होतं. बाई तर गेलीच होती. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो म्हणलं."

"गंगम्माला जाऊन सहा साल झाली," ज्ञानोबा म्हणाला.

संगमेश्वरनं उरलेली पानं दगडावर ठेवून दिली. अश्वजितला वाटलं, याचा गळा धरावा. मग वाटलं, कोणत्या तोंडानं. हा मोठा होता, मी लहान होतो, पण गप्प दोघंही एकाच मापाचे बसलो; यानं आईला भिऊन तोंड मिटलं, मी आईला दिलेल्या शब्दापायी, आणि मधे ती बाई मातीखाली दोन दिवस ऐकत होती, वरचे टिकाव कुठं चाललेत ते.

ज्ञानोबा कट्ट्याला धरून उठला. "मोठ्यानं म्हणा," तो म्हणाला.

"माईक गेला की आता."

"माईक नगं. तुमच्या आईनं कुठं माईकवर म्हणलं हुतं?"

मंडपात पंधरा-वीस माणसं चहा पीत होती. संगमेश्वर त्यांच्याकडं वळला.  "आमच्या घरी पंचफुलाबाई आत झोपत होत्या," तो म्हणाला, "बाळंतिणीजवळ. आम्हीच बोलावलं होतं. वाळे पण सांभाळायला होते. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं." कपबशा थांबल्या. एक कॉलेजातला पोरगा शेजारच्या बाईला हळूच म्हणाला, "कोण पंचफुला?" बाई सत्तरीची, जुन्या गावची. ती तितक्याच हळू म्हणाली, पण माळावर हळू काही राहत नाही, "आरं ती, वाळ्याची. चोर न्हवती म्हणत्यात ती." आणि चहा पुन्हा सुरू झाला.

अश्वजितनं ऐकलं. बापानंही ऐकलं असणार. ज्ञानोबा दगडाकडं वळला, वस्तीच्या यादीतल्या त्या एकट्या नावासमोर उभा राहिला, पण हात जोडले नाहीत.  मग बंडीच्या बाहीनं तोंड पुसून चालायला लागला. टमटमच्या रस्त्याला नाही, सरळ जुन्या गावाच्या बाजूनं, जिथं आता नुसती बाभळी आणि दगड आहेत. अश्वजित दहा पावलं मागं. संगमेश्वर तिथंच राहिला. वीरण्णांच्या घराची जागा आली तेव्हा बाप थांबला नाही, मानही वळवली नाही. पुढं ओढ्याच्या उतारावर त्यानं मागं न बघता विचारलं, "तुझ्या पोरीला ठाव हाय का हे?"

"न्हाई. आजी भूकंपात गेली यवढंच."

"सांग तिला."

"सांगतो. आजी चोर न्हवती म्हून सांगतो."

ज्ञानोबा थांबला. आता वळला. अश्वजितला वाटलं होतं तो राग त्या डोळ्यांत होता, पण तो अश्वजितवर नव्हता, संगमेश्वरवरही नव्हता. मंडपातल्या त्या म्हातारीच्या बोलण्यावर होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या बत्तीस मेणबत्त्यांवर. "तसं म्हणू नकु," तो म्हणाला. "चोर न्हवती म्हणलं की चोर ऱ्हातंय. लेकराच्या कानावर त्यो शब्दच जाऊ दिऊ नकु. आजी आत झोपली हुती म्हण. बाळंतिणीपाशी. तितकंच सांग आन गप बस."

तो पुन्हा चालू लागला. अश्वजितनं ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग ओठांनी. बाप पुढं गेला होता, ऐकायला कुणी नव्हतं, आणि तरी तिसऱ्या शब्दाशी, 'झोपली'शी, त्याची जीभ अडली.